बाउलाच्या किनाऱ्यावर तीन आठवडे : कोस्टा रिकात कासवांसाठी स्वयंसेवा

कृत्तिका | ८ जून, रात्री १०.४०

गेल्या महिन्यात कोस्टा रिकाहून परत आले. कॅरिबियन किनाऱ्यावर, लिमोन प्रांतातल्या एका छोट्या कासव-छावणीत तीन आठवडे होते. जाण्याआधी मराठीत कुणी यावर लिहिलंय का म्हणून बरंच शोधलं, फारसं काही हाती लागलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. छावणीचं नाव इथे देत नाही, कारण तिथल्या त्रुटींबद्दलही लिहायचंय. ज्यांना खरोखर जायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

आधी कासवाबद्दल. आपल्या कोकणात येतं ते ऑलिव्ह रिडले, चाळीस-पन्नास किलोच्या आतलं. मी गेले होते ती लेदरबॅकसाठी. तिथले लोक तिला 'बाउला' म्हणतात आणि तीन आठवड्यांनंतर माझ्याही तोंडी तेच नाव बसलंय. तिच्या पाठीला इतर कासवांसारखं टणक ढालींचं कवच नसतं. काळी, रबरासारखी कातडी आणि तिच्यावर मानेपासून शेपटीकडे निमुळते होत गेलेले सात कंगोरे. वजन तीनशे ते पाचशे किलो. खाणं मुख्यतः जेलीफिश, म्हणूनच समुद्रात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी तिच्या जिवावर उठते.

पहिल्या चार रात्री मला एकही दिसली नाही. रात्री आठला निघायचं आणि साडेबारा-एकला परतायचं, किंवा मध्यरात्री निघून पहाटे चारला. काळे किंवा गडद कपडे, पायात बूट, विजेरी बंद. लाल दिवा फक्त वाटाड्याकडे आणि तोही कासवाजवळ काम करतानाच. तिथला किनारा आपल्या पुळणीसारखा मऊ पसरट नाही. उतार तीव्र, वाळू काळपट, आणि नद्यांनी वाहून आणलेले मोठाले ओंडके जागोजागी आडवे पडलेले. अंधारात दोनदा मी तोंडावर आपटले. पाऊस तर असा की आपला आषाढ आठवावा. चालताना बोलायचं नाही. आमचा वाटाड्या भरतीच्या रेषेवर नजर ठेवून पुढे चालायचा आणि आम्ही तिघं त्याच्या पाठीमागे एका रांगेत.

पाचव्या रात्री तो एकदम थांबला आणि हाताने आम्हाला खाली बसवलं. समोर समुद्रातून वर आलेला एक रुंद पट्टा होता. ट्रॅक्टर गेल्यासारखा, जवळजवळ दोन मीटर रुंद. तो एकटा पुढे गेला. परत आला तो वीस मिनिटांनी, आणि कानाशी येऊन फक्त "बाउला" म्हणाला.

ती मागच्या परांनी खड्डा खणत होती. मागे काय चाललंय ते तिला दिसत नाही, सगळं स्पर्शावर. एक पर आत जातो, ओंजळीसारखा वळतो, वाळू उचलतो आणि अगदी हलकेच बाजूला ठेवतो. तेवढ्यात दुसरा पर आपल्या बाजूची सुटी वाळू झटक्याने पुढे उडवतो, की ती पुन्हा खड्ड्यात पडू नये. मग त्याची पाळी. पाचशे किलोचा प्राणी, आणि वाळू ठेवायची पद्धत एखाद्या आजीने पाटावर रांगोळी ठेवावी तशी. मला रडू आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

खड्डा पुरेसा खोल झाला, साधारण पाऊण मीटर, की ती अंडी घालायला लागते. त्या वेळात ती आजूबाजूला फारसं लक्ष देत नाही, म्हणून मोजमापं आणि तिच्या ओळखीच्या बिल्ल्याचा क्रमांक तेव्हाच घ्यायचा. मी वाळूत पालथी पडून खड्ड्यात प्लास्टिकची पिशवी धरली होती. अंडी थेट तिच्यात. बलक असलेली मोठी अंडी ८१, आणि शेवटी शेवटी बिनबलकाची बारीक गोळ्यांसारखी २७. पिशवी उचलली तेव्हा हात थरथरत होते, वजनाने आणि धास्तीने. अंडी घातल्यावर काही तासांच्या आत हलवावी लागतात. नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं नुसतं फिरलं तरी तो मरतो.

ती पिशवी घेऊन आम्ही दीड तास चालत हॅचरीत, म्हणजे अंडी राखून उबवायच्या जागेत, आलो. तिथे मी स्वतः खड्डा खणला, तिच्या खड्ड्याच्याच मापाचा, मडक्यासारखा : तोंड अरुंद, पोट फुगीर. सगळा हाताने. एकेक अंडं आत ठेवलं, वर ओली वाळू, त्यावर कोरडी. पाटीवर तारीख ३ मे, घरटं क्रमांक ४७.

हे का करावं लागतं? अंडी मूळ जागी राहिली तर चोरीला जातात म्हणून. तिथे अंडी चोरणाऱ्याला 'हुएवेरो' म्हणतात. दारूच्या गुत्त्यांमध्ये ती पौरुष वाढवणारी म्हणून विकली जातात, एक अंडं साधारण एका डॉलरला. म्हणजे एका घरट्यामागे, एका रात्रीत, ऐंशी डॉलर. आणि याच प्रांतात बेकारी मोठी आहे. आमचा वाटाड्या स्वतः पूर्वी हुएवेरो होता. वडील तेच करायचे, तोही तेच करत मोठा झाला. आता छावणी त्याला महिन्याचा पगार देते. ओहोटीला बाउला कुठे वर येईल हे त्याला जसं कळतं तसं कुठल्याही पदवीधराला कळणार नाही. आम्ही भरतो त्या पैशातून त्याचा पगार निघतो, हे मला तिथे गेल्यावर समजलं. निघताना माझी कल्पना होती की मी कासवं वाचवायला चाललेय. प्रत्यक्षात माझे पाय, माझी गप्प राहायची तयारी आणि माझे पैसे त्याच्या नोकरीला आधार देत होते. मला ही मांडणी पटली. कासवांसाठी बाहेरून येणारा माणूस तीन आठवड्यांनी जातो, किनाऱ्यावरचा माणूस तिथेच राहतो.

या कामात धोका आहे आणि तो लपवणं चुकीचं होईल. ३०-३१ मे २०१३ च्या रात्री याच प्रांतातल्या मोइन किनाऱ्यावर हाइरो मोरा सांदोवाल हा २६ वर्षांचा तरुण कासव-रक्षक गस्तीवर असताना पळवला गेला आणि मारला गेला. त्याच्याबरोबर चार परदेशी स्वयंसेविका होत्या. त्यांनाही धरून नेलं होतं, त्या सुटल्या. आरोपी २०१५ मध्ये सुटले, खटला पुन्हा चालला आणि २०१६ मध्ये चौघांना शिक्षा झाली. आमच्या छावणीच्या भोजनघरात त्याचा फोटो आहे. आम्ही मोइनला नव्हतो, आणि आमच्याकडे नियम ठरलेला होता : समोर हुएवेरो दिसला तर वाद घालायचा नाही, फोटो काढायचा नाही, मागे फिरायचं. जो आधी पोचला त्याचं घरटं. एका रात्री आमच्या दोन मिनिटं आधी दुसरे पोचले होते. आम्ही परत फिरलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उरलेला वेळ हॅचरीची पाळी. सहा-सहा तासांची. दर अर्ध्या तासाने प्रत्येक घरट्यावरची टोपली बघायची, कुर्ल्या हाकलायच्या, तापमान नोंदवायचं. वाळू साडेएकोणतीस अंशांच्या आसपास असेल तर नर-मादी साधारण निम्मेनिम्मे. त्यापेक्षा तापली की माद्याच जास्त. म्हणून वर हिरवी जाळी ताणलेली असते. पिल्लं बाहेर पडून दोन-तीन दिवस झाले की घरटं उकरून कवचं मोजायची आणि न फुटलेली अंडी उघडून गर्भ कुठल्या टप्प्यावर थांबला ते लिहायचं. त्याचा वास कपड्यांतून आठवडाभर जात नाही. पण कुठली जागा अंड्यांना मानवते, कुठली नाही, हे त्याच नोंदींवरून कळतं.

त्रुटी : प्रशिक्षण इंग्रजीत मिळेल असं कळवलं होतं, पहिला आठवडा सगळं स्पॅनिशमध्येच झालं. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बंद होता आणि दोघींची पोटं बिघडली. नीट विचारल्यावर दुरुस्त झाला, पण आधी व्हायला हवा होता.

व्यवहार : दिवसाला ४० डॉलर, राहणं-जेवण धरून. विमान वेगळं, मुंबईहून युरोपमार्गे सान होसे. माझ्याकडे अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा व्हिसा होता, त्यावर आत घेतलं. नसेल तर दिल्लीतल्या वकिलातीत चौकशी करा. हे नियम बदलत असतात. जेवण शाकाहाऱ्यांना सोपं : भात आणि काळा घेवडा, सकाळी तोच परतून 'गायो पिंतो', सोबत तळलेली केळी. 'पुरूहा' नावाच्या बारीक माश्या फार चावतात, पण अंडी हाताळायची असतील तर अंगाला मलम लावता येत नाही. लांब बाह्यांचे कपडे न्या.

प्रश्न असतील तर विचारा.

---

अबोली | ८ जून, रात्री ११.२५

एका दमात वाचलं. रांगोळीची उपमा डोक्यातून जात नाहीये. अंडी घालताना कासवाच्या डोळ्यांतून पाणी येतं म्हणतात, ते खरं का? तिला वेदना होत असतील का?

कृत्तिका | ८ जून, रात्री ११.४०

अबोली, पाणी येतं हे खरं. मी जवळून पाहिलं, चिकट आणि घट्ट असतं. डोळ्यांजवळच्या ग्रंथी शरीरातलं जादा मीठ तशा बाहेर टाकतात. हे समुद्रातही सतत चालू असतं, जमिनीवर ते आपल्याला दिसतं एवढंच. वेदनेचं मात्र मला सांगता येणार नाही. दम लागतो हे नक्की. वर चढताना ती दर थोड्या अंतराने थांबून मोठा श्वास सोडते आणि तो अंधारात दुरून ऐकू येतो.

---

बाणकोटकर | ९ जून, सकाळी ७.१०

ताई, लेख चांगला आहे. पण मनातलं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या शेजारी वेळासला हे काम २००२ पासून चालू आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने सुरू केलं, गावाने उचललं. २००६ पासून कासव महोत्सव भरतो. आधी आमच्याकडेही अंडी लोक न्यायचे, उरलेली कुत्रे-कोल्हे खायचे. आज त्याच गावातली पोरं पहाटे किनारा चालतात, घरटी हॅचरीत हलवतात. तुम्ही वर्णन केलेलं सगळं तेच. मग दिवसाला चाळीस डॉलर देऊन अर्ध्या पृथ्वीपलीकडे जायची गरज काय? तेवढ्या विमानाच्या पैशात आमच्या एका पोराचा दोन हंगामांचा पगार निघेल.

कृत्तिका | ९ जून, दुपारी १.०५

काका, राग कशाचा? तुमचा प्रश्न मला तिथे असतानाच पडला होता. एका रात्री वाटाड्याने विचारलं, तुमच्या देशात कासवं येतात का? मी हो म्हणाले. मग त्याने विचारलं, तू तिथे कुठे काम केलंस? मला उत्तर देता आलं नाही. पुण्यात वाढले, वेळास सहा-सात तासांवर, आणि मी एकदाही गेले नव्हते.

गेले कारण मला लेदरबॅक बघायची होती, आणि ती भारताच्या मुख्य भूमीवर अंडी घालायला येत नाही, अंदमान-निकोबारला येते. हे कारण स्वतःसाठीचं आहे, कासवांसाठीचं नाही, हे मान्य. विमानाच्या खर्चाबद्दल आणि धुराबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे बचाव नाही. पण गेले नसते तर घरटं उकरून कवचं का मोजतात हे मला कधी कळलं नसतं, आणि वेळासला जाऊनही मी पिल्लांचा फोटो काढून परत आले असते. येत्या हंगामात यायचंय. महोत्सवाला नाही, त्याआधी, तुमच्या पोरांबरोबर पहाटे चालायला. चालेल का?

---

पुष्कर_ते | ९ जून, रात्री ९.३०

मी मलेशियातल्या रेदांग बेटावर, चागर हुतांग या किनाऱ्यावर एक आठवडा होतो. तेरेंगानू विद्यापीठाचा सागरी कासव संशोधन विभाग तिथे १९९० च्या दशकापासून काम करतो. स्वयंसेवकांच्या आठवड्याच्या तुकड्या असतात. मुख्यतः ग्रीन टर्टल, थोडी हॉक्सबिल जातीची कासवं. कृत्तिका, तुमच्याकडे आणि तिथे मोठा फरक हा की तिथे अंडी शक्यतो हलवत नाहीत. किनारा बंद आणि राखलेला असल्याने घरटी मूळ जागीच राहतात. आमचं काम घोरपडी आणि कुर्ल्यांपासून ती राखायचं. मला तो मार्ग जास्त योग्य वाटतो : माणसाचा हात जितका कमी लागेल तितकं बरं. पण त्यासाठी किनाऱ्यावर चोवीस तास माणूस हवा.

आणि एक गोष्ट. त्याच तेरेंगानू राज्यात मुख्य भूमीवर रांताऊ आबांग नावाचं गाव आहे. १९५० च्या दशकात तिथे लेदरबॅकची वर्षाला सुमारे दहा हजार घरटी होत. लोक बघायला बसगाड्या भरून येत. अंडी वर्षानुवर्षं खाल्ली गेली, मोठी कासवं समुद्रात जाळ्यांमध्ये गेली. आज तिथे वर्षानुवर्षं एकही येत नाही. मी त्या किनाऱ्यावर गेलो होतो. सुंदर, स्वच्छ, रिकामी वाळू. कासवाला वयात यायलाच एवढी वर्षं लागतात की आज अंडी गेली त्याचा परिणाम किनाऱ्यावर खूप उशिरा दिसतो. दिसतो तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

---

चिन्मयीची_आई | १० जून, सकाळी ११.५०

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिने श्रीलंकेतला दोन आठवड्यांचा एक कार्यक्रम शोधलाय. जाहिरातीत लिहिलंय, 'रोज पिल्लांना हाताळा, टाक्या स्वच्छ करा, जखमी कासवांना खाऊ घाला.' हे योग्य असतं का? आणि एकटी मुलगी पाठवावी का? तिच्या बाबांचा विरोध आहे, माझं मन दोन्हीकडे आहे.

शमा | १० जून, दुपारी ३.१५

ताई, घाई करू नका. मी श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या एका हॅचरीत दहा दिवस होते. नाव घेत नाही. अशा हॅचरी त्या किनाऱ्यावर बऱ्याच आहेत आणि सगळ्या सारख्या नसतात, पण मी पाहिलं ते असं : पिल्लं जन्मली की ती त्याच रात्री सोडत नव्हते. सिमेंटच्या टाक्यांत दोन-तीन दिवस ठेवायचे, कारण सकाळी पर्यटक येतात, तिकीट काढतात आणि पिल्लू तळहातावर घेऊन फोटो काढतात. मीही पहिल्या दिवशी काढला. फार आनंद झाला होता.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. पिल्लू बाहेर पडल्यावर पहिला दिवसभर अखंड पोहतं, पोटात उरलेल्या बलकाच्या जोरावर, आणि त्या एका दमात किनाऱ्याजवळचे मासे-पक्षी टाळून खोल पाण्यात जातं. टाकीत ठेवलं की ते तिथेच भिंतीला धडका देत पोहत राहतं. सोडतो तेव्हा त्याच्यात ते बळ नसतं. आम्ही टाक्या घासत होतो आणि समजत होतो की कासवांची सेवा चाललीय. तो फोटो मी काढून टाकला.

कृत्तिका | १० जून, रात्री १०.२०

शमा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. चिन्मयीच्या आई, त्या जाहिरातीतली 'रोज हाताळा' ही ओळच मला थांबायची खूण वाटते. आमच्याकडे पिल्लांना हात लावायचा तो फक्त मोजण्यासाठी, हातमोजे घालून. मग रात्रीच, पाण्यापासून काही मीटरवर सोडायचं आणि ती स्वतः चालत जाताना वाटेत कुणी उभं राहायचं नाही.

पत्र पाठवून त्यांना सरळ विचारा. पिल्लं जन्मल्यावर किती तासांत सोडता? सरकारी परवाना कुणाच्या नावावर आहे? नोंदी कुणाला देता? गावातली किती माणसं पगारावर आहेत? गस्तीवर सोबत स्थानिक माणूस असतो का? जो नीट काम करतो तो या सगळ्याची उत्तरं आनंदाने देतो. आमच्या छावणीने दोन पानी उत्तर पाठवलं होतं. जो उत्तराऐवजी सवलतीचे दर पाठवतो त्याच्याकडे पाठवू नका.

एकटीबद्दल : आमच्या तुकडीत जर्मनीची एक मुलगी अठरा वर्षांची होती आणि सगळ्यांत कणखर तीच होती. पण पहिल्यांदाच असेल तर ग्रीसचा विचार करा. तिथे झाकिंथोस बेट, पेलोपोनीज आणि क्रीटला लॉगरहेड जातीची कासवं येतात आणि आर्केलॉन ही १९८३ पासूनची संस्था स्वयंसेवक घेते. राहणं तंबूत, मुक्काम काही आठवड्यांचा. तिथला प्रश्न अंडीचोरीचा नाही. हॉटेलांचे दिवे, किनाऱ्यावरच्या आरामखुर्च्या आणि घरटी उकरणारे कोल्हे यांचा आहे. पिल्लं उजेडाकडे जातात, समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. त्यामुळे निम्मं काम पर्यटकांशी बोलण्याचं. तिच्या बाबांना हे जास्त पटेल असं वाटतं.

---

वाटसरू | ११ जून, रात्री ८.००

कोस्टा रिकातच प्रशांत महासागराच्या बाजूला ओस्तियोनाल गाव आहे, तिथे अंडी काढणं कायदेशीर आहे म्हणे. एकीकडे अंड्यांसाठी माणूस मारला जातो आणि दुसरीकडे सरकारच विक्रीला परवानगी देतं? मला हा दुटप्पीपणा वाटतो.

कृत्तिका | ११ जून, रात्री ९.४५

मलाही आधी तसंच वाटलं होतं. ओस्तियोनालला येतात त्या ऑलिव्ह रिडले, आणि एकेका वेळी लाखाच्या घरात. याला 'अरिबादा' म्हणतात, आपल्या ओडिशातल्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला होतं तेच. इतक्या जणी एकाच पट्ट्यात खणतात की नंतर येणाऱ्या आधीच्यांची घरटी उकरून टाकतात. पहिल्या अंड्यांचा बराच भाग असाही फुकट जातो आणि कुजून उरलेल्यांना बाधतो. म्हणून १९८७ पासून गावाच्या संघटनेला अरिबादाच्या पहिल्या ३६ तासांत अंडी काढायची मुभा आहे. बदल्यात गावाने किनारा साफ ठेवायचा, चोरांपासून राखायचा, पिल्लांना पाण्यापर्यंत पोचवायचं.

लेदरबॅकबाबत हे कधीच चालणार नाही. ती एकटी येते, थोडी येते, तिचं प्रत्येक घरटं मोलाचं. शंका मला एका गोष्टीची आहे : कायदेशीर अंड्यांच्या आडून चोरीची अंडी खपत असतील. आमचा वाटाड्याही तेच म्हणाला. पण ओस्तियोनालच्या गावकऱ्यांना चोर म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्यांनी कासवं राखली आहेत.

---

रेवती_चेन्नई | १३ जून, सकाळी ६.३०

परदेशी जाणं ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी. चेन्नईत 'स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्व्हेशन नेटवर्क' ही विद्यार्थ्यांची संघटना १९८८ पासून रात्रीची गस्त घालते. नीलांकराई ते बेझंट नगर, साधारण सात किलोमीटर, जानेवारी ते मार्च. मी तमिळ न येताही चार वर्षं चालले. शहराच्या मधोमध, एका बाजूला दिवे आणि दुसऱ्या बाजूला रिडले.

पण तिथे घरट्यांपेक्षा मेलेली कासवंच जास्त मोजावी लागतात. २०२५ च्या जानेवारीत तर शेकडो किनाऱ्याला लागली. डोळे सुजलेले, माना फुगलेल्या, ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरलेली. कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. जाळ्यातून कासव निसटावं म्हणून 'टेड' नावाची लोखंडी जाळी बसवता येते, पण मच्छीमारांना मासळी निसटायची भीती वाटते. अंडी वाचवून पुढे समुद्रात हे होणार असेल तर नुसत्या हॅचरीने भागत नाही.

आणि कृत्तिका, तुम्ही निकोबारचा उल्लेख केलात म्हणून. ग्रेट निकोबारच्या गॅलथिया खाडीत भारतातली लेदरबॅक येते. त्या जागेचा अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढला गेला, तिथे मोठं बंदर होणार आहे. तुमची बाउला बघायला लोक कोस्टा रिकापर्यंत जातात, आणि आपली आपल्याला माहीतसुद्धा नाही, याचं वाईट वाटतं.

अबोली | १३ जून, सकाळी ९.१५

रेवती, गॅलथियाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. यावर वेगळा धागा काढाल का?

---

बाणकोटकर | १४ जून, सकाळी ६.५०

कृत्तिकाताई, चालेल की. आमच्याकडे घरटी नोव्हेंबरपासून लागतात. जानेवारीत या. पहाटे साडेचारला निघावं लागेल. रिडलेचा माग तुमच्या बाउलासारखा रुंद नसतो, हातभर अंतरावर तिरके-तिरके ओरखडे दिसतात, एकदा दाखवला की ओळखाल. राहायला आमच्या घरी, पैसे द्यायचे ते पोरांच्या फंडात द्या.

मागे मी जरा टोकाचं बोललो. तुमच्या वाटाड्याबद्दल वाचून आमच्या गावातले दोघे आठवले. दोघेही आधी अंडी न्यायचे. आज घरटं कुठे आहे ते काठीने चाचपून तेच शोधतात. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, 'प्रथमा' नाव दिलं, तेव्हा त्यातला एक तिच्याजवळ उभा होता. ती समुद्रात गेल्यावर तो बराच वेळ हलला नाही. पुढच्या वर्षी गुहागरला 'बागेश्री'ला बसवलं, ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आम्ही रोज विचारायचो, आज कुठे पोचली? माहेरवाशिणीची गाडी कुठवर गेली ते विचारावं तसं.

चिन्मयीची_आई | १९ जून, सायंकाळी ५.३०

श्रीलंकेच्या त्या कार्यक्रमाला पाचही प्रश्न पाठवले होते. उत्तरात फक्त 'आत्ताच नोंदणी केल्यास वीस टक्के सूट' आलं. रद्द केलं. काका, जानेवारीत दोघी आलो तर चालेल का? चिन्मयी विचारतेय, नोंदवहीचं काम मिळेल का?

बाणकोटकर | १९ जून, रात्री ८.१०

या. अक्षर चांगलं असेल तर नोंदवही तिच्याकडेच.

---

कृत्तिका | ९ जुलै, सकाळी ८.०५

आज पहाटे छावणीतून निरोप आला. पाळीवर असलेल्या मुलीने पाटीचा फोटोही पाठवलाय, पावसाने अक्षरं ओघळलेली आहेत पण वाचता येतात.

घरटं ४७. पुरलं ३ मे. पिल्लं वर आली ५ जुलैच्या रात्री, ६३ व्या दिवशी. काल उकरलं. मोठी अंडी ८१. फुटलेली कवचं ५२. अंड्यातून पुरती बाहेर न पडता कवचातच मेलेली पिल्लं ३. न फुटलेली अंडी २६, त्यांतल्या ११ मध्ये गर्भ दिसला नाही. समुद्रात गेलेली पिल्लं ५२. पाऊस चालू होता, लाटा मोठ्या होत्या, सगळी पोचली.